ताठ स्प्रिंगा आणि रस्त्याची पकड

पुणे जिल्ह्यातील चाकण येथे फोक्सवॅगन कंपनीच्या कारखान्याचे उद्घाटन 2009 साली झाले, आणि 2010 पासून 2022 पर्यंत, म्हणजे एक संपूर्ण तपभर, त्या कारखान्यातून पोलो नावाची जी आटोपशीर मोटार बाहेर पडत राहिली, तिने आपल्याकडील मोटारप्रेमी तरुणांच्या मनात असे काही घर केले आहे की उत्पादन थांबल्यानंतरही जुन्या गाड्यांच्या बाजारात तिचा शोध घेणारे चाहते ठिकठिकाणी भेटतात. त्यांतही 2013 साली आलेली जीटी टीएसआय ही आवृत्ती विशेष मानाची, 1.2 लिटरचे टर्बो इंजिन, सुमारे 105 अश्वशक्ती, 175 न्यूटन-मीटर टॉर्क आणि सात गतींचा दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स, एवढी सामग्री अवघ्या 1100 किलोंच्या आसपास वजन असलेल्या गाडीत एकत्र आली म्हणजे चालविणाऱ्यास वेगाची आणि वळणाची ओढ लागावी, हे स्वाभाविकच आहे. अशी गाडी हाती आली की तिचा नवा मालक तिच्या सस्पेन्शनचा विचार करू लागतो, आणि बहुधा ज्या पहिल्या निर्णयाप्रत तो येतो तो असा, की गाडी तीसचाळीस मिलिमीटर खाली बसवावी, स्प्रिंगा ताठ कराव्या, म्हणजे वळणावर ती कलणार नाही आणि तिचे हँडलिंग सुधारेल.

या समजुतीत सत्याचा अंश आहे. परंतु तो अंशच आहे, आणि त्या अंशालाच पूर्ण सत्य मानल्यामुळे पुष्कळ पैसा व्यर्थ खर्च होतो, चांगल्या गाड्या बिघडतात, आणि प्रसंगी आतील माणसांचा जीवही धोक्यात येतो. सस्पेन्शनचे प्रथम कर्तव्य चाक रस्त्यावर टेकलेले ठेवणे हे होय. बसणाऱ्याचे सुख, गाडीचा डौल, कल कमी असणे, या सर्व गोष्टी त्याच्या मागाहून येतात. मोटार आणि पृथ्वी यांचा संबंध केवळ चार ठिकाणी येतो, आणि तो किती अल्प असतो हे सहज गणित करून पाहता येते. चालकासह बाराशे किलो भरणाऱ्या गाडीच्या प्रत्येक चाकावर सरासरीने 300 किलो भार येतो. टायरमध्ये 32 पौंडांची हवा असेल तर चौरस सेंटिमीटरमागे सुमारे सव्वादोन किलो दाब झाला. सबब एका टायरचा भूमीशी होणारा स्पर्श अदमासे 135 चौरस सेंटिमीटर, आणि चारही मिळून साडेपाचशेच्या आतबाहेर. कार्यालयात नेहमी वापरला जाणारा ए-4 आकाराचा कागद याहून मोठा असतो. ब्रेक, वेग, वळण, सारे काही या कागदाहून लहान जागेतून रस्त्याला सांगायचे असते. ती जागा क्षणभरही हवेत जाऊ नये आणि तिच्यावरचा दाब शक्य तितका स्थिर राहावा, यासाठी स्प्रिंगा, शॉकअप, आर्म आणि बुश यांचा सगळा खटाटोप आहे.

वळणावर काय घडते ते यानंतर पाहू. गाडी वळू लागली की तिचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो, आणि किती सरकणार हे मुख्यतः चार गोष्टींवर ठरते: गाडीचे वजन, वळणाची तीव्रता, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधील आडवे अंतर. आपल्या बाराशे किलोंच्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 55 सेंटिमीटर उंच आहे, चाकांत 145 सेंटिमीटर अंतर आहे, आणि वळणाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सात दशांश आहे असे धरले, तर सुमारे 320 किलो भार आतून बाहेर जातो. आतल्या बाजूस 600 च्या जागी 280 उरतात आणि बाहेरच्या बाजूस 920 होतात. या हिशेबात स्प्रिंगेच्या ताठपणाला कोठेही स्थान नाही, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटते. पण ती खरी आहे. स्प्रिंग ताठ केल्याने गाडी कमी कलते, तिचा प्रतिसाद अधिक तत्पर होतो, परंतु बाहेरच्या टायरांवर एकूण जेवढा भार यावयाचा तेवढा जवळजवळ येतोच. ताठपणाने बदलते ती त्या भाराची पुढच्या आणि मागच्या चाकांतील वाटणी. टायरचा स्वभाव असा, की भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून ज्या टोकाचा कलाविरुद्धचा ताठपणा अधिक, त्या टोकाच्या बाहेरच्या टायरवर अधिक ओझे पडते आणि ते टोक आधी घसरू लागते. पुढचे टोक ताठ केलेली, पुढच्या चाकांनी ओढली जाणारी मोटार वळणात नाक बाहेर काढते आणि स्टीअरिंग कितीही फिरविले तरी सरळ जाऊ पाहते, याचे मूळ येथे आहे.

स्प्रिंगेचे गणित तसे सोपे आहे. सर्पिल स्प्रिंगेचा ताठपणा तिच्या तारेच्या जाडीच्या चतुर्थ घाताने वाढतो. 12 मिलिमीटरच्या जागी 13 मिलिमीटरची तार वापरली तर केवळ एका मिलिमीटरने ताठपणा सुमारे 38 टक्क्यांनी वाढतो. वेढे कमी केले तरी तो वाढतो, आणि याच नियमाचा आधार घेऊन काही गॅरेजांत मूळ स्प्रिंगेचे एकदोन वेढे कापून गाडी खाली बसवून दिली जाते. हा प्रकार सर्वथा त्याज्य आहे. कापलेली स्प्रिंग खड्ड्यावरून जाताना चाक पूर्ण खाली लोंबले की आपल्या बैठकीतून सुटू शकते. तिचे टोक जसे बसावयास हवे तसे बसत नाही. आणि तापवून स्प्रिंग बसविण्याचा जो त्याहून वाईट प्रघात आहे त्यात तर पोलादाला दिलेले पाणीच उतरते. ज्यास स्प्रिंग बदलावयाची असेल त्याने त्याच गाडीसाठी बनविलेली, नामांकित निर्मात्याची स्प्रिंग घ्यावी, अन्यथा मूळची राहू द्यावी.

किती ताठ पुरे, याचे मोजमाप अभियंते सेकंदागणिक होणाऱ्या झोक्यांत करतात. घरगुती वापराची मोटार सेकंदाला एक ते दीड झोके घेईल अशा बेताने बांधलेली असते. खेळाच्या वृत्तीची मोटार दीड ते दोन. आणि केवळ शर्यतीसाठी बांधलेली त्याहून पुष्कळ पुढे. सेकंदाला एक झोका म्हणजे स्वतःच्या भाराने स्प्रिंग सुमारे 25 सेंटिमीटर दबलेली, दीड झोके म्हणजे 11, आणि दोन म्हणजे जेमतेम सहा. आपल्या रस्त्यांवर दोनाच्या पलीकडे गेलेल्या गाडीचे चाक खड्ड्याच्या पुढच्या काठावरून उडते आणि पलीकडे आपटते. ते हवेत असते तेवढा वेळ पकड शून्य असते. ताठपणाला जो रस्ता गुण मानतो तो शर्यतीचा गुळगुळीत मार्ग होय. ताम्हिणी किंवा वरंध घाटात पावसाळ्यानंतर जो रस्ता उरतो, तो त्याला दोष मानतो.

पुढची आणि मागची स्प्रिंग यांच्यात काही नाते असावे लागते, हे प्रथम पद्धतशीरपणे ओळखणाऱ्यांत वेल्समध्ये जन्मलेल्या मॉरिस ओली या अभियंत्याचे नाव अग्रभागी आहे. रोल्स-रॉइसमधील सेवेनंतर तो अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागात गेला, आणि तेथे जिची वजने पुढेमागे हलविता येतील व स्प्रिंगा पालटता येतील अशी एक मोठी मोटार प्रयोगासाठी सिद्ध करून, तिच्यात माणसे बसवून त्याने अनुभव गोळा केले. त्याचा निष्कर्ष असा, की पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ असाव्या. कारण खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागचे चाक मागाहून त्यात पडते, आणि मागचा झोका किंचित जलद असेल तर तो पुढच्याला गाठतो व गाडी नाकाने डुलत न राहता सपाट वरखाली होऊन शांत होते. या विचारातूनच कॅडिलॅकच्या 1934 च्या गाड्यांना पुढची स्वतंत्र सस्पेन्शन मिळाली. केवळ पुढच्या स्प्रिंगा ताठ करून मागच्या तशाच ठेवणारा मालक हे नाते मोडतो, आणि मग महामार्गाच्या प्रत्येक सांध्यावर गाडी का डुलते याचा उलगडा त्याला होत नाही.

परंतु स्प्रिंगेपेक्षाही ज्याची उपेक्षा अधिक होते आणि ज्याच्यावर गाडीचे शील अधिक अवलंबून असते, तो घटक म्हणजे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर, ज्यास आपले मिस्त्री शॉकअप म्हणतात. स्प्रिंग धक्क्याची शक्ती साठवते आणि परत देते. ती शक्ती नाहीशी करण्याचे सामर्थ्य तिच्यात नाही. ते काम शॉकअपचे. त्याच्या नळीतील तेल बारीक छिद्रांतून आणि पोलादी चकत्यांच्या झडपांतून ढकलले जाते, घर्षणाने तापते, आणि ती उष्णता नळीच्या अंगातून हवेत जाते. पाण्यात हात हळू फिरविला तर विरोध जाणवत नाही आणि वेगाने मारला तर पाणी अडविते, तसाच त्याचा विरोध गतीनुसार वाढतो. आणि कोणत्या गतीला किती विरोध असावा, हे ठरविण्यातच शॉकअप घडविणाऱ्याची विद्या पणाला लागते. वळणात गाडी कलताना त्याचा दांडा हळू चालतो, खड्ड्यावर तोच कितीतरी पट वेगाने चालतो. हळू गतीला पुरेसा विरोध असेल तर गाडी वळणात एकदम न लोळता आवरून कलते. वेगवान गतीला तोच विरोध अवाजवी वाढू दिला नाही तर खड्डा अंगाला लागत नाही. हे दोन गुण एकाच नळीत नांदविता येतात, आणि म्हणून उत्तम शॉकअप बसविलेली गाडी एकाच वेळी अधिक आवरलेली व अधिक सुखाची होऊ शकते. नुसत्या ताठ स्प्रिंगेने हे कदापि साधत नाही.

सामान्य शॉकअप दुहेरी नळीचा असतो. सलग खराब रस्त्यावर त्यातील तेल व वायू घुसळून फेस होतो, आणि फेसाला विरोध करण्याचे बळ नसते. या अडचणीवर फ्रान्सच्या ख्रिस्तियान द कार्बों याने 1950 नंतरच्या वर्षांत एकेरी नळीची युक्ती काढली: तेल आणि उच्च दाबाचा नायट्रोजन यांच्यामध्ये एक तरता दट्ट्या ठेवावयाचा, म्हणजे दोहोंची भेटच होणार नाही. जर्मनीतील बिल्स्टाइन कंपनीने ही युक्ती पुढे नेली, आणि आजही घाटांत जोराने गाडी चालविणारे जाणते लोक त्या जातीच्या शॉकअपला पसंती देतात. शॉकअप प्रसरणाला, म्हणजे चाक खाली उतरताना, आकुंचनापेक्षा बहुधा दुप्पट किंवा त्याहून अधिक विरोध करतो. ते योग्यच आहे, पण ज्या शॉकअपांना बाहेरून पीळ देऊन हा विरोध वाढविता येतो, त्यांचे मालक तो शेवटपर्यंत पिळतात आणि मग एक विचित्र दोष उद्भवतो. पाठोपाठ आलेल्या खड्ड्यांत स्प्रिंग पुरती उलगडण्यापूर्वीच पुढचा धक्का येतो, गाडी दर धक्क्याला थोडी थोडी खाली बसत जाते, आणि अखेर रबरी बंपस्टॉपवर टेकून दगडासारखी वागू लागते. चालक म्हणतो स्प्रिंग कमजोर आहे. दोष मात्र अतिरिक्त विरोधाचा असतो.

गाडी खाली बसविण्याच्या प्रश्नात आणखी एक सूक्ष्म अडचण आहे, आणि ती पोलोसारख्या बहुतेक लहान मोटारींना लागू आहे. तिच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट आहे. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने फोर्ड कंपनीत असताना ही रचना पुढे आणली, आणि 1950 साली जाहीर झालेल्या इंग्लंडच्या फोर्ड कॉन्सल व झेफिर या गाड्यांपासून ती रूढ झाली. वरचा आर्मच नाही, शॉकअपच्या उभ्या नळीनेच चाक धरून ठेवायचे, खाली एक आर्म, बस. जागा वाचते, खर्च वाचतो, आणि नीट जुळविली तर वागणूकही उत्तम असते. मूळ उंचीवर खालचा आर्म चाकाकडे किंचित उतरता असतो. गाडी खाली बसविली की तो सपाट होतो, अधिक खाली बसविली की उलटा चढू लागतो. आणि ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडीचा सांगाडा कलतो, ज्याला रोल सेंटर म्हणतात, तो बिंदू गाडीपेक्षा कितीतरी जलद खाली जातो. गुरुत्वमध्य तीस मिलिमीटर उतरला आणि हा बिंदू त्याहून पुष्कळ अधिक उतरला, तर कलविणारी तरफ लांब होते. म्हणजे कल कमी करण्यासाठी केलेल्या फेरफाराने गाडीची कलण्याची प्रवृत्तीच वाढते, आणि ती दाबण्यासाठी आणखी ताठ स्प्रिंग लागते. शिवाय चाक वर जाताना त्याचा माथा आत झुकावा, म्हणजे बाहेरचा टायर पूर्ण रुंदीने टेकेल, ही जी मूळ रचनेतील सोय, तीही उलट्या आर्मने नष्ट होते. आणि स्टीअरिंगचा टायरॉड व आर्म यांचे कोन जुळेनासे झाल्याने उंचवट्यावर चाके आपोआप थोडी वळतात. सरळ रस्त्यावर स्टीअरिंग हातात फडफडू लागले तर पुष्कळदा त्याचे कारण हे असते. म्हणून रस्त्यावरच्या गाडीने पंधरावीस मिलिमीटरच्या पलीकडे खाली जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपले गतिरोधक लक्षात घेता तेवढेही अनेकांना जड जाईल.

मागच्या बाजूस पोलोला पिळणारी तुळई आहे, जी रचना फोक्सवॅगननेच 1974 साली गोल्फ व सिरोको या गाड्यांवर आणली. दोन मागे जाणारे आर्म, त्यांना जोडणारी एक आडवी पट्टी, आणि ती पट्टी पिळवटली जाऊन कलाला विरोध करते. हिच्यात फिरवून लावण्याजोगे फारसे काही नाही, पण तिच्या जोडीला मागे कल रोखणारा एक जादा अँटी-रोल बार बसविता येतो, आणि पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचे नाक वळणात आत आणण्याचा हा सर्वांत स्वस्त व परिणामकारक उपाय आहे. गोल्फ जीटीआयसारख्या गाड्या तीव्र वळणात आतले मागचे चाक उचलून तीन पायांवर धावताना छायाचित्रांत दिसतात, त्याचे रहस्य हेच. मात्र ओल्या रस्त्यावर, वळणाच्या मध्यात घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय एकाएकी काढणाऱ्या चालकाला असा ताठ मागचा भाग फिरवून दरीकडे तोंड करायला लावू शकतो. ज्याच्या हाताला सराव नाही त्याने या बारच्या वाटेस जाऊ नये.

बुशांविषयी थोडक्यात. मूळ रबरी बुश वर्षानुवर्षे तेल, ऊन आणि धूळ खाऊन सैल होतात. ते नवे रबरी बसविले तरी स्टीअरिंगची अचूकता परत येते. पॉलियुरेथेनचे बुश अधिक ताठ असतात, आर्म हलू देत नाहीत, पण रस्त्याचा सगळा थरार आत आणतात आणि ग्रीस न मिळाल्यास कुरकुरतात.

आता खर्चाच्या क्रमाविषयी माझे मत सांगतो. ज्या पोलो आज हातोहात फिरत आहेत त्यांतील पुष्कळ आठदहा वर्षांच्या झाल्या आहेत, आणि त्यांचे मूळ शॉकअप गळत नसले तरी आतून थकलेले असतात; तेव्हा मालकाला जी सुधारणा वाटते ती पुष्कळदा केवळ गाडी जशी चाकणहून निघाली तशी करणे, एवढीच असते. प्रथम लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड, स्ट्रटच्या माथ्यावरील बेअरिंग यांची रुजुवात करावी. मग उत्तम टायर घ्यावेत. कोणत्याही एका रकमेत टायरइतकी पकड दुसरी कोणतीही वस्तू विकत देत नाही, आणि जड, मोठ्या रिमांवर तीच रक्कम घातली तर उलट चाकाचे वजन वाढून शॉकअपचे काम कठीण होते. त्यानंतर चांगले शॉकअप, मूळ स्प्रिंगांसह. येथपर्यंत येऊन काही महिने गाडी चालवावी. दहांपैकी बहुतेकांना यापुढे जाण्याची गरजच उरत नाही. उरलीच, तर त्याच शॉकअपशी जुळणाऱ्या किंचित ताठ स्प्रिंगा घ्याव्यात. ताठ स्प्रिंग जुन्या शॉकअपवर चढविणे म्हणजे ज्याला आवरणारा कोणी नाही असा झोका निर्माण करणे होय. उंची फिरविता येणारे कॉइलओव्हर हे ज्यांना शर्यतीच्या मार्गावर जावयाचे आहे आणि मोजमापाची चिकाटी आहे, त्यांचे साधन. तशांसाठी कोइम्बतूरजवळचे करी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई येथील मार्ग उपलब्ध आहेत. खुद्द पोलोच्याच शर्यती करीवर 2010 पासून झालेल्या आहेत. घाटातला रस्ता हा एसटीचा, दुधाच्या टेंपोचा आणि पायी चालणाऱ्यांचाही रस्ता आहे, तेथे कोणत्याही सस्पेन्शनची कसोटी पाहण्याचा हक्क कोणास नाही.

कायद्याची तरतूदही जाणून असावे. मोटार वाहन अधिनियम, 1988 याच्या कलम 52 अन्वये, नोंदणी दाखल्यातील तपशील निर्मात्याने मुळात ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकास करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीने बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. झिजलेला भाग त्याच प्रतीच्या भागाने बदलणे ही दुरुस्ती होय. परंतु उंची किंवा टायरचे माप बदलणारे काम हाती घेण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे विचारणा करावी, विमा कंपनीस लेखी कळवावे, आणि काढलेले मूळ भाग भंगारात न देता जपून ठेवावेत.

काम पूर्ण झाले की अलाइनमेंट करून घेतल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये, आणि आर्मचे बुश गाडी जॅकवर लोंबत असताना आवळू नयेत. चाके भूमीवर टेकून, गाडी आपल्या भाराने बसल्यावरच आवळावेत, नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहून थोड्याच दिवसांत फाटते. नव्या स्प्रिंगा काहीशे किलोमीटरांत किंचित बसतात, म्हणून तेवढ्या अंतरानंतर अलाइनमेंट पुन्हा तपासावी. पुढच्या चाकांना साधारण एक अंश आतला झुकाव वळणाला उपकारक ठरतो. दोन अंशांच्या पलीकडे गेल्यास टायरची आतली कड झिजू लागते. दर महिन्याला टायरच्या रुंदीवरून तळवा फिरवून पाहावा. आतून बाहेर फिरविताना गुळगुळीत आणि बाहेरून आत येताना करवतीसारखे दाते लागत असतील, किंवा उलट, तर टो, म्हणजे चाकांचा आत वा बाहेर वळलेला कोन, बिघडला आहे. एकच कड सपाट झाली असेल तर झुकाव अधिक आहे. आणि परिघावर ठरावीक अंतराने खोलगट चकत्या पडल्या असतील तर शॉकअप चाकाला रस्त्यावर धरून ठेवीत नाही, मग तो कितीही नवा आणि कितीही महागाचा असो.